मंत्राआधी उघडलेली खिडकी

"मेणबत्ती विझवायची नाही काका, ज्योत नुसती हलवायची. नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करून हळू सोडा." दवाखान्यात श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं माझ्या यजमानांना हे सांगणं आम्ही पंधरा दिवसांत गुंडाळून ठेवलं. छाया काढणाऱ्या एका महाराजांची कीर्ती कानावर आली होती ना.

त्यांच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नसे. खिडक्या बंद, धूर इतका की शेजारचा माणूस दिसेना. यजमानांनी तीस वर्षं गाड्यांना स्प्रेने रंग मारला. त्यात छाती गेली, हल्ली विसरायलाही लागले होते. महाराजांनी त्यांच्यापुढे फडकं धरलं. रंग कुठला? हे नुसते बघत राहिले.

"छायेने बुद्धी गिळली आहे," महाराज म्हणाले. मंत्र झाला, शिष्याने छायेला वाट म्हणून खिडकी उघडली. जरा वेळाने यजमान बोलले, "मोरपंखी. थोडा काळपट." लोकांनी लोटांगणं घातली. मीही.

पथ्य एकच. छाया पायांतून चढते, म्हणून चालायचं नाही. चार महिने हे घरी बंद खोलीत खाटेवर. दोन्ही वेळा धूप मीच घालत होते, नेमाने. एकदा दाराकडे बघत म्हणाले, "फाटकापर्यंत तरी ने गं." नेईन म्हटलं. नेलं नाही.

मग एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

मी थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. यजमानांना रिक्षातून महाराजांकडे नेलं, तेव्हा माझी भाची म्हणून सोबत आल्या. धुरात यजमानांच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. ब्याऐंशी, फारच कमी. महाराज फडकं पुढे धरून मंत्रासाठी घसा साफ करत होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी उठून खिडकी उघडली. "काका, ज्योत हलवा." हळूहळू आकडा नव्वदवर गेला.

"अंजिरी," यजमान म्हणाले.

मंत्र अजून सुरूही झाला नव्हता. मागून कोणीतरी कुजबुजलं, "आज मनातल्या मनात म्हटला असेल."

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. डोक्याला प्राणवायू कमी पडतो, धुरात आणखीच. फुप्फुसं नवी होणार नाहीत. पण रोज बेताने चाललं, श्वासाचे व्यायाम केले, तर दम वाढेल आणि डोकंही पुष्कळ ताळ्यावर येऊ शकेल. मी भीत भीत विचारलं, नेम सोडू का?

"देव कशाला सोडता मावशी? धूर सोडा."

माझी श्रद्धा आहे तिथेच आहे. फक्त हात जोडण्याआधी, नेमकं काय केल्याने काय बदललं, एवढं आपण बघावं.

आज पूजा धुराविना झाली. यजमानांच्या चपला खाटेशी मांडल्या, जपमाळ घेतली. पावलाला एक मणी. त्यांनी माझा खांदा धरला, मी दार उघडलं.