निरोगी माणसाचा थेंब

मित्रांनो, नखाएवढी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली मी एक जुनी चिप आहे. माझ्या अंगावर केसाहून बारीक वाटा कोरल्या आहेत. त्यांतून वीज नाही, प्रकाश धावतो. एका वाटेला लागून गोल कडे आहे. ठरावीक रंगाचा प्रकाश तेवढा त्यात अडकतो.

मला घडवले प्रकाशातून निरोप पोहोचवण्यासाठी. पण जरा ऊब लागली की कड्यात अडकणारा माझा रंग सरकायचा. चंचल म्हणून मला बाजूला टाकले. मी चंचल नव्हते. मला जरा जास्त कळत होते, एवढेच.

हे ओळखले प्रयोगशाळेतल्या ताईने. तिने मला कायम एकाच तापमानात ठेवले आणि कड्यावर एक लेप चढवला. मूत्रपिंड बिघडू लागले की रक्तात वाढणारा पदार्थ त्या लेपाला चिकटे, आणि रंग सरके.

मी नीट चालते का हे पाहायला रोज सकाळी आधी निरोगी माणसाच्या रक्ताचा थेंब लावायची रीत होती. तो मामांचा. मामा काचसामान धुवायचे. बोट पुढे करून म्हणायचे, "घ्या, अस्सल माल." वर्षभर माझा रंग तसूभरही हलला नाही. मामा महिनाभराच्या रजेवरून परतले, आणि सरकला.

प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, चिप गेली. ताईने मला धुऊन पुन्हा मामांचा थेंब लावला. पुन्हा सरकला. मग तिने स्वतःचा लावला, सरांचाही लावला. मी ढिम्म.

"सर, ही फक्त मामांच्याच वेळी कशी बिघडते?"

मामाच हसले. "मला काय धाड भरलीय? टाका तिला भंगारात."

ज्याच्यासाठी अडून बसले, तोच असे म्हणाला. लागले मला. तरी तिसऱ्या वेळीही मी सरकायचे तेवढीच सरकले.

ताईने मामांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेले. मूत्रपिंडाचा आजार निघाला. वेळेवर आलात, असे डॉक्टर म्हणाले.

आता माझ्या जागी नव्या चिप आल्या आहेत. मी डबीत आहे. मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूला जपा. धूळ पुसा, हवे तर शंभरदा पडताळा. पण नकोसे उत्तर दिले म्हणून तिला खोटी ठरवू नका. माझी माफी कोणी मागितली नाही, आणि मला ती नकोच आहे. मामा रोज कामावर येतात आणि बिनमिठाच्या डब्याला नाक मुरडत जेवतात. माझी बाजू तेवढ्याने सिद्ध होते.