साडेएकवीस

पंचवीस वर्षं मशीनवर बसून आत्याची पाठ वाकली होती, जीभ मात्र अजून चांगलीच सरळ होती. गल्लीतले लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. खरी आत्या ती एकाच पोरीची, धाकट्या भावाच्या लेकीची. पोर पाच वर्षांची, पण अशी एवढीशी की आत्यानं तिचं नाव बटण ठेवलं होतं.

तीन शाळांचे गणवेश आत्याकडे शिवायला येत. प्रत्येक मुलाचं माप एका जाडजूड वहीत, तारखेसकट. मुलांचं कापड बेतताना दुमडीत चार बोटं जास्तीची सोडायची आणि पोर वाढलं की उसवून खाली करायची, हा त्या धंद्यातला पहिला धडा. पोरं वाढणार याबद्दल आत्याला कधी शंकाच आली नव्हती.

म्हणून तर बटणचा गणवेश बेतताना तिनं घोडचूक केली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत माप भरलं साडेएकवीस. वहीत मागच्या वर्षीचं पान काढलं, तिथंही साडेएकवीस. आत्यानं टेपकडे संशयानं पाहिलं. जुना टेप ताणला जातो आणि माप कमी दाखवतो. तिनं तो लोखंडी मोजपट्टीवर लावून पाहिला, तर तंतोतंत. मग मागच्या वर्षी आपणच चुकीचं लिहिलं असेल, आत्ताही हात हलला असेल, असं म्हणत तिनं सगळं खापर स्वतःच्या म्हाताऱ्या डोळ्यांवर फोडलं आणि सरळ तेवीस इंच कापलं. वर्षभरात पोर दीड इंच वाढतंच की!

गणवेश अंगात घातला आणि बटण त्यात पार बुडाली.

"मोठा झालाय हो, ताई," भावजय हळूच म्हणाली. तिला तेव्हा तिसरा महिना होता. "असू दे. फक्त यांना सांगू नका."

आत्यानं मान डोलावली आणि ग्राहकाशी बोलायला वळली. का सांगायचं नाही, हे विचारलं नाही. ते न विचारणं तिला पुढं फार जड गेलं.

महिनाभरानं डॉक्टरांनी भावजयीला पडून राहायला सांगितलं, आणि भाऊ बटणला घेऊन दारात उभा राहिला. सोबत एक पिशवी. "पाच-सहा महिने सांभाळ, ताई. पण लाडावून ठेवू नकोस. शिस्त लावलीय मी तिला."

शिस्त होती खरी. पोर पाणी प्यायचं का विचारायची, शूला जाऊ का विचारायची, उभी राहू का तेही विचारायची. तेवढे दोन-दोन शब्द सोडले तर बोलणं नाहीच. तिच्या वयाची मुलं दुकानात आली की आत्याचं डोकं खाऊन जात, ही आपली सुतळीच्या गुंडाळीशेजारी दुसरी गुंडाळी होऊन बसलेली. पडली तर रडत नसे. उठून आधी इकडंतिकडं पाहायची, कुणाला दिसलं तर नाही ना. उशीखाली पावाचे तुकडे सापडले. आत्यानं ते तिथंच राहू दिले, रोज फक्त शिळे काढून ताजे ठेवले.

पाचव्या दिवशी बटणच्या हातून कप फुटला. आत्या झाडू घेऊन परत येते तो पोर कोपऱ्यात उभी. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही तळहात पुढं केलेले.

"आत्या, पाच?" तिनं विचारलं.

आत्याला कळायला क्षणभर लागला. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग पोरीला दिसता कामा नये एवढं भान तिला राहिलं. झाडू बाजूला टाकून ती फरशीवर फतकल मारून बसली आणि ते दोन्ही हात स्वतःच्या हातात घेतले.

"या घरात शून्य," ती म्हणाली. "कप फुटला तरी शून्य, बशी फुटली तरी शून्य. सगळं कपाट पाडलंस तर मात्र मला आवरू लागायचं."

पोरीनं डोळे उघडले, पण हात काही मागं घेतले नाहीत. विश्वास बसला नव्हता तिचा. बसायचा तरी कशाच्या जोरावर?

हे कुठून आलं, ते आत्याला कुणी सांगायला नको होतं. तिच्या आणि भावाच्या वडिलांचा पट्टा खुंटीला टांगलेला असे. तो भावाच्या पाठीवर पडायचा तेव्हा आत्या दाराआड उभी राहून फटके मोजायची, आणि दुसऱ्या दिवशी भावाला गुपचूप लिमलेटच्या गोळ्या द्यायची. आपण बहीण म्हणून केवढं करतो, असं तिला वाटायचं. त्या गोळ्यांची तिला आता किळस आली.

तिनं बटणला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, छाती तपासली, आजार काही निघाला नाही. "काही मुलं भीतीनं खुंटतात, आत्या," ते म्हणाले. "पोर झोपेत वाढतं. हिला धड झोप लागत असेल असं वाटतं का तुम्हाला? जेवण अंगी लागायलासुद्धा जीव थाऱ्यावर असावा लागतो. बोलणंही त्यापायीच अडलंय." आत्यानं ते सगळं त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं, सहीसकट.

मग काय, आत्यानं कंबर कसली. औषध काही नव्हतं. वेळेवर जेवण, पोटभर झोप, आणि घरात आवाज चढवायचा तो फक्त मशीननं. दुसऱ्या महिन्यात बटण न विचारता पाणी प्यायली. तिसऱ्यात एका गिऱ्हाईक बाईला म्हणाली, "तुमचं काज वाकडं आहे." आत्यानं पदराआड हसू लपवलं नाही, ती खदाखदा हसली. सहावा महिना भरला तेव्हा पुन्हा टेप लावला. पावणेतेवीस. तारीख टाकताना आत्याचा हात खरंच हलला.

भाऊ बटणला न्यायला आला तेव्हा बाळ दोन महिन्यांचं झालं होतं.

"बटण इथंच राहणार," आत्या म्हणाली. कात्री चालूच होती.

"म्हणजे? माझी मुलगी आहे ती."

"मग तिला पाच फटके मोजायला कुणी शिकवलं?"

भावाचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. "वळण लावायला नको? बाबांनी मला बडवून काढलं. मी काय वाया गेलो?"

आत्यानं कात्री खाली ठेवली. "हो. गेलास."

त्याला असं तोंडावर कुणी कधी म्हटलं नव्हतं, बहिणीनं तर नाहीच.

"तू गेलास आणि दाराआड उभी राहून मीही गेले. तुझी पाठ मी वाचवायला हवी होती, नाही वाचवली. त्याची माफी मी तुझी शंभरदा मागेन. पण ही पोर त्याच्या बदल्यात देणार नाही."

"तुला स्वतःचं पोर नाही, म्हणून माझं हिसकावतेस!"

हे वर्मी लागलं. आत्यानं पुन्हा कात्री उचलली. "बोलून घे अजून काय असेल ते. पोर हलणार नाही."

"मी तक्रार करीन."

"कर की. दोघं मिळूनच जाऊ. थांब, चपला घालते."

तक्रार झाली, आणि पुढच्या आठवड्यात बालकल्याण कार्यालयातून बोलावणं आलं. बटणला बाहेरच्या खोलीत एका ताईंनी चित्रं काढायला बसवलं होतं. आत टेबलामागं अधिकारी मॅडम, समोर चार खुर्च्या. एका बाजूला आत्या, तिच्याशेजारची खुर्ची रिकामी, पलीकडे भाऊ, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्याच्या पलीकडे बाळाला घेतलेली भावजय. पोर कुणाकडे राहणार, ते आज ठरायचं होतं.

भाऊ गोड बोलला. तो नेहमीच बाहेर गोड बोलायचा. "आमच्या घराण्यात सगळेच बुटके, मॅडम," असं तो म्हणाला, आणि हे म्हणणारा माणूस दारातून वाकून आत आलेला होता.

मॅडमनी आत्यानं आणलेली मापांची वही चाळली. "शिवणकामाची वही म्हणजे काही वैद्यकीय पुरावा नव्हे, आत्या."

"मान्य. म्हणून डॉक्टरांचा कागद वर लावलाय. पण वहीही बघाच. त्या पानांवर तिच्या वयाची सतरा पोरं आहेत. त्यातलं एकही वर्षभर जागच्या जागी थांबलेलं नाही. महिनाभर तापानं फणफणलेला एक होता, तोसुद्धा अर्धा इंच वाढला. ही एकटी थांबली, आणि माझ्याकडे येऊन सहा महिन्यांत सव्वा इंच वाढली. मी काही खत घालत नाही, मॅडम."

मॅडमच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं. "तुमचं पटतंय मला. पण अंगावर खूण नाही, पोर घरचं काही बोलत नाही आणि वडील नाही म्हणतात. घरात काय घडलं, हे पाहिलेलं कुणी आहे का?" त्यांनी भावजयीकडे पाहिलं.

"तिला काय विचारता?" भाऊ हसून म्हणाला. "तिला काही कळत नाही."

भावजयीनं मान खाली घातली. गेलं, पोर गेलं हातचं, असंच आत्याला वाटलं. तेवढ्यात बाळ कुरकुरलं, मग मोठ्यानं रडायला लागलं. भावानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. दात आवळून, रोजच्या सवयीनं तो पुटपुटला, "गप्प कर त्याला. नाहीतर घरी चल, दोघांना बघतो."

मॅडमनी वही मिटून त्याच्याकडे पाहिलं. आपण कुठं बसलोय हे त्याच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. भावजय बाळाला छातीशी धरून उभी राहिली.

"ऐकलंत ना, मॅडम?" तिचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "दोन महिन्यांचा आहे हा. बटणच्या वेळीही असंच सुरू झालं होतं. वहीत आहे ते सगळं खरं आहे. वहीत नाही ते मी पाहिलंय. मी गप्प बसले, तेही लिहून घ्या."

"खाली बस," भाऊ म्हणाला.

ती बसली. पण येऊन आत्याशेजारच्या खुर्चीवर बसली, आणि सुरुवातीपासून सांगू लागली.