एकदाच विचारतात

माझा नवरा मला बघायला आला होता, तेव्हा आईनं त्याला चहा विचारला. तो म्हणाला, "नको नको, कशाला उगाच." आईनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आई तिखट बाई. तिनं आधण उतरवलं आणि आपल्या कामाला लागली. हा बिचारा कोरड्या घशानं बसून राहिला. लग्नानंतर मी छेडलं तेव्हा म्हणाला, "मला वाटलं, तिसऱ्यांदा विचारतील." या गोष्टीवरून मी त्याला इतकी वर्षं पिडलंय. आता त्यातलं हसू गेलं.

आम्ही या परक्या देशात आलो तरी त्याचा स्वभाव काही सुटला नाही. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात तो चादरींना इस्त्री करायचा. गरम रुळातून चादर सरकवायची, पलीकडून घडी घालायची, दिवसभर हेच. मनगटांवर वाफेचे चट्टे. मुकादम म्हणाला, "थोडं बसतोस का?" की याचं ठरलेलं, "नको नको." आणि मुकादम खरंच निघून जायचा. घरी आला की पाय चेपायला मी आहेच.

घरमालकाला आमची खोली त्याच्या पुतण्यासाठी हवी होती. जाता-येता तोंडी सांगत होता, सोडा म्हणून. आम्ही म्हणत होतो, दुसरी मिळाली की सोडतो. एका दुपारी तो स्क्रू-ड्रायव्हर आणि नवं कुलूप घेऊनच आला आणि दार उघडं टाकून जुनं कुलूप खोलायला बसला. मी आत, नुकती न्हालेली, कडेवर मुलगी. तेवढ्यात नवरा कामावरून जिना चढत आला. त्यानं मालकाच्या हातातलं कुलूप धरलं. मालक सोडेना, हा सोडेना. ओढाताणीत कुलूप याच्या हातात आलं आणि मालक मागच्या मागे जिन्यावर कोसळला. कोपर मोडलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन माझाच नवरा बसला होता. त्याच अवस्थेत त्याला पोलिसांनी उचललं.

ठाण्यात काय झालं ते मला नंतर कळलं. साहेबानं टेप चालू केली. फोनवर दुभाषी होता. त्यानं आपल्या भाषेत सगळं नीट सांगितलं. तुम्ही गप्प बसू शकता. तुम्हाला वकील मिळू शकतो, फुकट मिळतो. हवा का?

माझा नवरा म्हणाला, "नको नको, कशाला उगाच त्रास."

साहेबानं मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. ढकललंत का? हा म्हणाला, "माझ्याच हातून झालं साहेब, चूक माझीच." कुलपाबद्दल चकार शब्द नाही. मालकाची बदनामी कशाला, असं वाटलं म्हणे त्याला.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई बसायची. आपली भाषा बोलणारी मिळाली, म्हणून मी हरखले होते. तिनं टेप ऐकली होती.

"कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूचं कुलूप बदलता येत नाही," ती म्हणाली. "तो तुमच्या घरात घुसत होता. तुमच्या नवऱ्यानं त्याला अडवलं, एवढीच गोष्ट आहे."

"मग सुटेल की तो."

"हे त्या दिवशी त्या खोलीत कुणीतरी बोलायला हवं होतं, ताई. वकील असता तर आधी हेच बोलला असता. आता मी काही म्हणायला गेले की समोरचा वकील टेप लावतो. वकील विचारला, यांनी नाकारला. राजीखुशीनं गुन्हा कबूल केला."

"पण तो नाही म्हणालाच नाही. 'नको नको' म्हणाला. कुणी एकदा आणखी विचारलं असतं तर—"

"मला कळतंय. माझे बाबा असेच होते." तिनं चष्मा काढून पुसला. "टेपला कसं कळणार?"

मला तिचा राग आला. तिच्या मऊ बोलण्याचा राग आला. ती मात्र खरंच झटली. कोर्टात कुलपाचं बोलली, दुभाष्याचं बोलली. निकाल लागला तो दोषी म्हणूनच. शिक्षा किरकोळ होती, पण तसा शिक्का बसला की राहण्याचा परवाना रद्द. त्याला परत पाठवणार आणि पुढची कित्येक वर्षं इथे पाऊल टाकू देणार नाहीत. मुलीच्या कानांवर इथे उपचार चालले होते. तिला नुकतंच कुठे ऐकू यायला लागलं होतं. आम्हा दोघींना हलता येत नव्हतं.

कोठडीत भेटायला गेले तेव्हा मी त्याला फाडून खाल्लं. "एवढं तोंड उघडून 'हवा' म्हणता आलं नाही तुला?"

"साहेब जेवायला निघाला होता गं," तो म्हणाला. "वकील बोलवायचा म्हणजे त्याचं जेवण राहिलं असतं."

मी रडले. तोच माझी समजूत घालत बसला.

शेवटची भेट विमानाच्या दिवशी होती. मध्ये टेबल, दाराशी एक पोरसवदा शिपाई. मुलगी बापाच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती. तो तिच्या कानाशी हळूच टिचकी वाजवायचा, ती वळून बघायची, दोघं हसायचे. आम्ही कामाचं काहीच बोललो नाही. थंडीचे कपडे कुठे ठेवलेत, तिच्या औषधाची बाटली नीट हलवून दे, असलंच.

वेळ संपली. शिपाई चांगला होता. मुलीकडे बघून त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं, "आणखी थोडा वेळ हवा का?" इतकी त्यांची भाषा नवऱ्याला एव्हाना समजत होती.

"नको नको," नवरा हसून त्यांच्याच भाषेत म्हणाला, "कशाला उगाच."

शिपायानं दार उघडलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं होतं. मी "हवा, हवा" म्हणत राहिले, पण आपल्या भाषेत. त्यांच्या भाषेतला तेवढा एक शब्द मला आठवेना. शिपाई मला धीर दिल्यासारखा हसला आणि त्यानं मुलीला माझ्याकडे दिलं.

दारात नवरा जरासा रेंगाळला, शिपायाच्या तोंडाकडे बघत. पुन्हा विचारेल, असं त्याला वाटत होतं. कुणी विचारलं नाही.