पंचांनी वेगळा केलेला वरवंटा

मी एक जुना वरवंटा आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या पाट्यावरही माझ्यासारखाच एक जण निजलेला असेल, तेव्हा जास्त ओळख सांगत नाही. नाशकात, पंचवटीच्या एका पाथरवटाने मला आणि माझ्या पाट्याला एकाच काळ्या दगडातून घडवले. माझी मालकीण लंकाबाई. तिच्या लेकीच्या, कुसाच्या बारशाला आधी मला टोपडे घालून पाळण्यात निजवले, मग तिला. तेवढा मान पुन्हा कधी मिळाला नाही.

लंकाबाईचा नवरा खंडेराव पलटणीत होता. सरहद्दीवर मांडीत गोळी लागली आणि तो पेन्शनीवर घरी आला. जखम भरेना, तसा स्वभाव कडू होत गेला. एके दिवशी त्याने भरले ताट भिंतीवर फेकले. लंकाबाई लेकीला घेऊन समोरच्या खोलीत राहायला गेली आणि विड्या वळू लागली. पंच बसले. फारकत कुणी मागितली नाही, पण भांडी निम्मी निम्मी झाली. दीर पुंजा म्हणाला, "दगड दोन हायेत, एकेक घ्या." पाटा तिकडे राहिला. मला तिने पदरात घेतले.

आता सांगा, एकट्या वरवंट्याने काय वाटायचे? मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. मग कुठूनसे तिच्या कानावर आले, की खंडेराव कोरडी भाकर खातो. त्या संध्याकाळी तिने मला उचलले, त्याच्या ओसरीवर जाऊन चटणी वाटली आणि न बोलता परत आली. पुढे रोजच. खंडेरावही बोलत नसे, पण ती यायच्या आधी पाट्यावर पाणी शिंपडून ठेवी.

शेजारीण बायडाबाई हसायची. "निघाला का गं वरवंटा सासरी?"

"ताट फेकणाऱ्याच्या घरात राहायची नाही," लंकाबाई म्हणे, "पण उपाशी बी ठेवायची नाही."

१९३५ साली त्याच जखमेने खंडेराव गेला. त्याच्यामागे पेन्शन कुणाला, याची चौकशी करायला कचेरीतून कारकून आले. कुसाची शाळा त्या पेन्शनीवरच चालायची होती.

पुंजा पुढे झाला. "रावसाहेब, वैनी कधीच सोडून गेली. वाटण्या झाल्या. तिचा आता काय संबंध?"

लंकाबाईने मला कारकुनांपुढे ठेवले. "भाऊजी, वाटण्या भांड्यांच्या झाल्या, लग्नाच्या नाही. रावसाहेब, गल्लीला विचारा."

बायडाबाई पदर सावरत म्हणाली, "खोटं कशाला बोलू? मीच हिला रोज चिडवायची. खंडेराव गेले त्या दिवशीची चटणी बी हिनंच वाटली. आमच्या नांदत्या सुना एवढं करत नाहीत."

कारकुनांना हसू आले, पण त्यांनी जबाब लिहून घेतला. पेन्शन लंकाबाईच्या नावे झाली.

खंडेरावामागे पाटा पुंजाने ठेवून घेतला होता. मग ती तो मागायला गेली. पुंजा कुरकुरला, "तो वाटणीत आमच्याकडं आला."

"मग वरवंट्याशिवाय वाटा," ती म्हणाली. पुंजा दारातून बाजूला झाला. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, पाटा उचलून घेतला, मला कुसाच्या हाती दिले आणि सगळ्या गल्लीदेखत घरी आली.

आता कुसा वाटायला बसते. आधी पाट्यावर पाणी शिंपडते, बापासारखे.

मित्रांनो, आम्ही झिजून गुळगुळीत झालो, की पाथरवटाकडून टाकी लावून घ्या, पण जोडी मोडू नका. आणि कुणी दुखावून दुसऱ्या घरी राहायला गेले, तर त्याचा हक्क तुम्हीच परस्पर वाटून घेऊ नका.