खाली नाव भीमाचं

बेंबळीत गाणी लिहिणाऱ्या बाया दोनच, धुरपदाबाई आणि भिमाबाई. शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायची दोघींची रीत. अन् एखादं गाणं फसलंच, तर त्यात दुसरीचं नाव घालून ते गावात सोडून द्यायचं, हीही रीतच. मग जिच्या नावावर ते खपवलं ती खवळायची आणि त्याच चालीवर जवाब रचायची. स्टँडवर जवाब रंगला की एसटी खोळंबायची. एकदा कंडक्टरनं जवाब संपेस्तोवर घंटी मारली नाही. गाडीतल्या नवरदेवाचा मुहूर्त टळला, पण तो मंडपात शिरला तो चाल गुणगुणतच. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा, ती अजून चिडते.

पुढं भिमाबाई लेकीकडं, संघप्रियाकडं जळकोटला गेली आणि तिचं लिहिणं सुटलं. "आतून येत न्हाय गं," एवढंच फोनवर म्हणायची. इकडं धुरपदाबाई लिहीत राहिली. लोक वाहवा करत. पण वाहवा तिला आळणी वरणासारखी लागे.

यंदा गावातल्या शिवरंजनीनं दोघींच्या भांडणावर संगीत नाटक बसवलं. धुरपदाबाईनं हळूच एक गाणं तिच्या हाती दिलं. "हे भीमाच्या पात्राला दे."

शिवरंजनीनं वाचलं. "आजी, हे लईच भिकार हाय."

"मुद्दाम हाय. तू पोरीकडनं गाऊन घे."

प्रयोगाला भिमाबाई आली, पहिल्या रांगेत, धुरपदाबाईच्या शेजारी बसली. रंगमंचावरची पोरगी ताना घेत गायली:

*ऊन झालं गं, पडली सावली*
*भीमा म्हणे, विहिरीत गाडी लावली*

मंडप हसून लोळला. धुरपदाबाईनं भिमाबाईकडं डोळे लावले. आता उठेल. पदर खोचेल. "धुरपदे, तुझ्या गाण्याला चाल हाय, पण पाय न्हाईत," असं भर मांडवात म्हणेल आणि जवाब फेकेल. ढोलकीवाल्या बलभीमला धुरपदाबाईनं आधीच ताल सांगून ठेवला होता.

भिमाबाई हसली. "चांगलं हाय की."

"काय चांगलं? विहिरीत कुणी गाडी लावतं का?"

"गंमत हाय. लिव्हलंस ना माझ्या नावानं, ऱ्हाऊ दे."

"भीमे, तुझं नाव बुडतंय!"

"बुडू दे गं. तू हाईस की लिव्हायला." तिनं धुरपदाबाईचा हात हातात घेतला आणि नाटक संपेपर्यंत सोडला नाही. एवढ्या वर्षांच्या वैरात एकदाही धरला नव्हता.

नाटक संपलं. संघप्रियानं जीप दाराशी आणली. धुरपदाबाई खिडकीशी वाकली आणि वाईटात वाईट यमक जुळवून आणखी एक ओळ म्हणाली.

"लई झ्याक," भिमाबाई म्हणाली. जीप निघाली.

धुरपदाबाई धुरळ्यात उभी राहिली. शिवरंजनी धावत आली. "आजी, पुढच्या प्रयोगात भीमाचा जवाब कोण लिहिणार?"

"कुणी न्हाय," ती म्हणाली. "तिथं नुसती ढोलकी वाजू दे."

मग रस्त्याकडं बघत हळूच म्हणाली, "जाताना एक शिवी तरी देऊन जायची, सटवे."