रेन ट्रीचं गोड तीर्थ

शनिवारी सकाळी कर्वेनगरच्या आमच्या शाळेबाहेर इतकी गर्दी, की रिक्षावाल्यानं मला कोपऱ्यावरच उतरवलं. फाटकाजवळच्या रेन ट्रीमधून मार्चच्या उन्हात थेंब टपकत होते आणि खाली माणसं आ वासून उभी होती. पुणेकर इतका वेळ गप्प उभे राहिले, हाच खरा चमत्कार.

"ऋषींचा घाम आहे हा!" हिंमतराव गर्जत होते. गेल्या महिन्यापर्यंत हे गृहस्थ फ्लॅटची दलाली करत. आता अंगावर भगवी शाल. "दमा, मधुमेह, कोर्टाची केस, सगळं एका थेंबात साफ! आणि चव बघा, गोड! साधं पाणी कधी गोड लागतं का?"

रांगेत पूर्णिमा दिसली. माझ्या चौथीतल्या समर्थची आई, आयटीत नोकरीला. समर्थला दमा आहे.

"मॅडम, याचा पंप बंद केलाय," ती उत्साहानं म्हणाली. "तीर्थ आणि औषध मिक्स नाही करायचं म्हणे."

माझं डोकंच फिरलं. "अहो, डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टर लाइफटाइम पंपच देणार. हे परमनंट आहे."

आमचा शनिवारचा विज्ञानाचा तास मैदानातच असतो. मी मुलांना कुंपणावरून आत आलेल्या फांदीखाली नेलं. एकानं छत्री उलटी धरली, दुसऱ्यानं काठीनं फांदी हलवली. छत्रीत पानं, मुंग्या आणि बारीक काळे काटे पडले. मिसबानं भिंग धरलं.

"बाई, रेन ट्रीला काटे नसतात ना?"

"नसतात."

"मग हे तर चालतायत!"

काट्यासारखे दिसणारे किडेच ते. फांदीत सोंड खुपसून झाडाचा रस पितात, हवं तेवढं ठेवतात आणि उरलेलं गोड पाणी मागून सोडतात. असे शेकडो किडे झाडावर बसले की खाली टपटप सुरू. मुंग्या त्याच गोडीला आलेल्या. भिंगाखाली एका किड्याच्या शेपटाशी थेंब फुगला आणि पडला. सगळ्या वर्गानं पाहिला.

"म्हणजे शू!" समर्थ ओरडला. हसता हसता त्याला ढास लागली.

शाळा सुटल्यावर छत्री आणि भिंग घेऊन मी फाटकाबाहेर गेले. हिंमतरावांनी नीट पाहिलं, मग हात जोडून ओरडले, "ऋषींनी कीटकरूप घेतलंय!" रांग दुप्पट झाली. पूर्णिमानं भिंगाला डोळासुद्धा लावला नाही. सोमवारी मुख्याध्यापकांनी मैदानातला तासच बंद केला. पालकांच्या भावना दुखावल्या होत्या म्हणे. किड्याचं चित्र पुस्तकात आहे, तेच दाखवा, असा आदेश निघाला.

समर्थ आता जिना चढताना मध्येच खाली बसतो. काल मी शेजारी बसले.

"तू पाहिलंस ना रे, ते काय आहे?"

"हो बाई. पण नाही प्यायलो तर आई रडते."

पूर्णिमानं माझा नंबर ब्लॉक केलाय, म्हणून सगळ्यांनाच सांगते. थेंब कुठून येतो ते चौथीच्या मुलांना कळलं. तुम्हीही एकदा भिंगाला डोळा लावा. तेही जमत नसेल, तर झाडाला खुशाल पुजा, पण आधी पोराचा पंप त्याच्या हातात द्या.