राजाच्या नावाचा पेला

राष्ट्रीय फुटबॉल संघाचं बोलावणं आलं की रांदी आधी नवऱ्याच्या पायांकडे बघायची आणि मग तोंडाकडे.

"पुन्हा?" ती म्हणाली.

"स्टॉकहोमला. रविवारी."

"आणि गिरणीत काय सांगणार? देशाचं माझ्यावाचून अडलंय म्हणून?"

"मुकादमाला सांगितलंय. खाडा मांडतो म्हणाला. मांडू दे."

आर्नफिन लिस्लेरूड फ्रेड्रिकस्टाडच्या लाकूडगिरणीत फळ्यांच्या थप्प्या रचायचा. ओल्या फळ्या खांद्यावरून वाहून त्याचा एक खांदा कायमचा उतरला होता. तिशी कधीच उलटली होती. संघात तो बचावाला उभा राहायचा. त्या काळी नॉर्वेकडून खेळायचं म्हणजे बूट आपले, रजा आपली आणि मार खायचा तोही आपणच. वरून मिळे ते तिसऱ्या वर्गाचं तिकीट आणि सामन्यानंतरचं जेवण. त्या जेवणाला काळा कोट लागे. तो आर्नफिनकडे नव्हता, म्हणून दर वेळी तो शेजारच्या कबर खणणाऱ्याचा मागून न्यायचा.

"जपून घाल रे," शेजारी म्हणाला, "बुधवारी एक प्रेत आहे."

"माझं नसलं म्हणजे मिळवली."

शनिवारी दुपारपर्यंत फळ्या उचलून त्यानं गाडी गाठली. रात्रभर लाकडी बाकावर हाडं खिळखिळी झाली. समोर गोलरक्षक हाल्वोर पिशवीवर डोकं टेकून सुखानं घोरत होता. आर्नफिनच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पुढच्या डब्यात, गादीवर, संघाचे प्रमुख थ्राने होते. मोठे ठोक व्यापारी. स्टॉकहोमला उतरल्यावर त्यांनी सगळ्यांना फलाटावरच उभं केलं.

"मंडळी, हरलात तरी चालेल. सवय आहे आपल्याला. पण जेवणाच्या वेळी नाक कापून घेऊ नका."

त्यांचंही खोटं नव्हतं. दोन्ही देश एका राजाखाली होते, ते वेगळे होऊन पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. सीमेवर तोफा आणण्यापर्यंत मजल गेली होती. त्यामुळे अशा जेवणात कोण काय बोललं, कोण कधी उठलं, हे सगळं तोलून बघितलं जायचं.

सामना व्हायचा तसाच झाला. स्वीडिश संघात डाव्या कडेला सिक्स्टन नावाचा एक पोरगेला कारकून होता. बँकेत बसून बसून त्याचे पाय जणू साठवूनच ठेवलेले होते. आर्नफिन वळेपर्यंत तो पलीकडे पोचलेला असे. तिसऱ्यांदा चकवून परत येताना तो हसत म्हणाला, "काका, बसून घ्या की जरा!"

"तू गोल मारायचे थांबव, लगेच बसतो."

शेवटी शेवटी आर्नफिनच्या पोटरीत असा गोळा आला की तो कळवळून गवतावर आडवाच झाला. त्याच्यापर्यंत पहिला पोचला तो सिक्स्टनच. गुडघे टेकून त्यानं आर्नफिनचा पाय धरला आणि अंगठा मागे दाबला.

"आज उठला कधी होतात?"

"झोपलो असतो तर उठलो असतो ना!"

सिक्स्टन मग हसला नाही. चेंडू आला तरी तो पाय हलका होईपर्यंत दाबत राहिला. तोवर चार गोल होऊन गेले होते, पाचव्याची कुणाला घाई नव्हती.

संध्याकाळी जेवणाला एक यजमान, एक पाहुणा अशा खुर्च्या लावल्या होत्या. आर्नफिनच्या शेजारी सिक्स्टन आला. गरम सार झालं, मासा आला. दालनात शेकोटीची ऊब होती. भाषणं सुरू झाली. मैत्री, बंधुभाव, निरोगी तरुणाई. शब्द लांबून ऐकू यायला लागले. आर्नफिननं टाचेवर टाच मारली, मांडीला चिमटा काढला. आता पुढचं भाषण संपलं की तोंडावर पाणी मारून येऊ, असं त्यानं ठरवलं. त्यानंतरचं त्याला काही आठवत नाही.

जाग आली ती खुर्च्यांच्या खरखराटानं. सगळं दालन उभं होतं आणि परत खाली बसत होतं. त्याचा गाल सिक्स्टनच्या खांद्यावर होता आणि त्या कोटावर त्याच्या लाळेचा ओला डाग पडला होता. सिक्स्टन ताठ बसून होता, पाळण्याजवळ बसतात तसा. समोर थ्राने लालबुंद झाले होते.

"काय झालं?" आर्नफिननं विचारलं.

"काही नाही," सिक्स्टन म्हणाला. "मासा खा. गार होतोय."

काय झालं ते परतीच्या गाडीत हाल्वोरनं सांगितलं.

"त्यांच्या राजाच्या नावानं पेला उचलला, लेका! सगळे उठले. तू घोरतोयस."

"उठवायचं नाहीस?"

"मी टेबलाच्या त्या टोकाला! पण तुझा तो कारकून, तोही उठला नाही. त्यांचा पुढारी वाकून काहीतरी म्हणाला, तर हा म्हणतो, 'मी उठलो तर हा पडेल.' स्वतःच्या राजाच्या पेल्याला बसून राहिला, आर्नफिन. भर सभेत."

पुढच्या स्टेशनावर थ्राने त्यांच्या डब्यात आले. बसले नाहीत.

"लिस्लेरूड, मी सकाळी काय सांगितलं होतं?"

"चुकलं, साहेब. डोळा लागला."

"देशासाठी तासभर जागता येत नाही तुम्हाला? यापुढे तुम्हाला तसदी देणार नाही आम्ही."

आर्नफिननं मान हलवली. त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग मात्र घर येईपर्यंत त्याला झोप आली नाही. रांदीला त्यानं एवढंच सांगितलं, "गुडघे गेले. आता नाही खेळणार." कोट त्यानं शेजाऱ्याला वेळेवर परत केला.

पुढच्या वर्षी स्वीडनचा संघ नॉर्वेच्या राजधानीत, क्रिस्तियानियाला आला, तेव्हा तो रांदीला घेऊन सामना बघायला गेला. डाव्या कडेला भलताच कुणी धावत होता, आडदांड, फक्त जोर असलेला. सामना सुटल्यावर आर्नफिननं गर्दीतून वाट काढून एका स्वीडिश खेळाडूला गाठलं.

"सिक्स्टन नाही आला?"

"त्याला आता बोलवत नाहीत," तो बूट सोडता सोडता म्हणाला. "माफी माग, विषय मिटेल म्हणाले. मागेना. म्हणे, पाहुणा दमला होता, त्यात माफी कसली? तुम्ही कोण?"

"आर्नफिन विचारत होता म्हणून सांगा."

"भेटला तर सांगतो. पण कठीण आहे, तो आता आमच्या शहरातही नसतो."

आर्नफिन परत आला. सामना न खेळताही त्याचे पाय भरून आले होते. दोघं स्टेशनाकडे निघाली, पण मध्येच एका बाकाशी तो थांबला.

"बसायचं?" रांदी म्हणाली.

तो बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं, झोपेपासून थ्रानेंपर्यंत. गुडघ्यांचं खोटं होतं, हेही सांगितलं.

"वेडंच दिसतंय ते पोर," रांदी म्हणाली.

"हो," आर्नफिन म्हणाला. "पण खेळायचा काय सुरेख!"